फाशांवरचे दोन एक्के

चित्रपटांविषयी लिहिण्याचा आम्हांला काडीचाही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. उभे आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेले आणि निवृत्तीनंतर गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत, धानाच्या बांध्यांकडे तोंड करून, जुनी पुस्तके पुन्हा वाचण्याचा उद्योग आम्ही आरंभला. अशा माणसाने निंजांच्या हाणामारीचा एक अमेरिकन चित्रपट तीन वेळा पाहावा आणि त्याचे गुणदोष मांडण्यासाठी कागद पुढे ओढावा, हे आमच्या सौ.ना जितके विचित्र वाटले तितकेच वाचकांनाही वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

आमचा भाचा गेली दोन वर्षे आमच्याकडे शिकायला आहे. वय तेरा. त्याचे वडील कार्तिकातल्या एका संध्याकाळी, धानकापणीच्या दिवसांत, मोटारसायकलवरून घरी येत असता दिवे नसलेल्या एका ट्रॅक्टरखाली सापडले. ट्रॅक्टर हाकणारा माणूस परमुलखातला नव्हे. चार कोसांवरच्या गावचा. खटला चालू आहे, तो जामिनावर सुटला आहे आणि आठवडी बाजारात कधीमधी दिसतो. मुलानेही त्याला तेथे पाहिले. आम्ही सोबत होतो. मुलाने भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढेच घडले. घरी आल्यावर तो काही बोलला नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. इतकी वर्षे मुलांना निबंध सांगितले, पण त्या दिवशी पहिले वाक्य काही सुचेना.

पुढे काही दिवसांनी सौ.च्या लक्षात आले की मुलगा रात्री मोबाईलवर एकच चित्रपट पुनःपुन्हा पाहतो. “काय पाहतो ते बघा तरी,” त्या म्हणाल्या. रागावण्याच्या तयारीने आम्ही त्याच्या खाटेवर जाऊन बसलो. चित्रपट होता ‘स्नेक आइज’. 2021 साली आलेला, रॉबर्ट श्वेंटके या जर्मन दिग्दर्शकाचा.

त्याचा पहिलाच प्रसंग पाहिला आणि आम्ही रागावायचे विसरलो. रानातल्या एका एकाकी घरात बाप आणि लहानगा मुलगा लपून आहेत. मारेकरी येतात. त्यांतला म्होरक्या बापाच्या हाती फासे देऊन टाकायला लावतो. दोन्ही फाशांवर एकेक ठिपका येतो. इंग्रजीत या दानाला सापाचे डोळे म्हणतात. जुगाऱ्याच्या लेखी याहून हलके दान नाही. बाप मारला जातो, घर पेटते आणि मुलगा रानात पळतो. मोठेपणी तो आपले खरे नाव टाकून ते दानच नाव म्हणून धारण करतो. भाच्याने आमच्याकडे पाहिले नाही. आम्हीही पडद्यावरची नजर काढली नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी उरलेले कथानक थोडक्यात. वीस वर्षांनंतर हा तरुण अमेरिकेत चोरट्या झुंजींत पैशांसाठी लढत असतो. केंता नावाचा जपानी गुंड त्याला सांगतो, माझे काम कर, तुझ्या बापाचा मारेकरी मी शोधून देतो. त्या कामातच टॉमी नावाच्या एका तरुणाला ठार करण्याचा हुकूम होतो. हा तो पाळत नाही. उलट टॉमीला वाचवतो. टॉमी आराशिकागे नावाच्या प्राचीन निंजा घराण्याचा वारस. उपकार स्मरून तो याला जपानला आपल्या वाड्यात नेतो, भाऊ म्हणून सर्वांपुढे उभा करतो. तेथे तीन कसोट्या असतात. आणि मग आपल्याला कळते की टॉमीला वाचवणे हाच मुळी केंताशी ठरलेल्या डावाचा भाग होता. घराण्याने जपलेला सूर्यमणी चोरून आणायचा आणि बदल्यात बापाचा मारेकरी मिळवायचा, असा तो सौदा.

आमच्या मते या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ येथे आहे. अशा मूळकथा, म्हणजे अमुक वीर वीर कसा झाला हे सांगणाऱ्या कथा, अलीकडे पावसाळ्यातल्या बेडकांसारख्या उगवतात आणि त्यांतला नायक आरंभापासूनच सद्गुणांचा पुतळा असतो. फक्त त्याला पोशाख मिळायचा बाकी असतो. हा नायक मात्र खोटारडा आहे. ज्या घराने त्याला अन्न दिले, अंथरूण दिले, त्या घरात तो हेर म्हणून राहिला आहे. आकिको नावाची तरुणी त्या वाड्याची राखण करते. तिला प्रथमपासून त्याचा संशय येतो आणि तिचा संशय खरा असतो. सूडाच्या पायी चांगला माणूस किती हलका होऊ शकतो, हे चित्रपट न लपवता दाखवतो. अँड्र्यू कोजी या नटाने टॉमी असा उभा केला आहे की त्याच्या प्रत्येक हसण्यागणिक नायकाची लाज आपल्याला वाटू लागते.

निंजा म्हटले की काळा पोशाख, तोंडाला फडके आणि हाती तलवार असे चित्र आपल्यापुढे येते. परंतु इतिहासातल्या निंजाचे मुख्य काम हेरगिरीचे होते. इगा आणि कोगा या डोंगराळ मुलखांतले हे लोक सरदारांच्या चाकरीत शत्रूच्या गोटात शिरत, ऐकत, पाहत आणि परत येत. काळा पोशाख बहुधा नाटकमंडळींनी चिकटवला. काबुकीच्या रंगमंचावर सामान हलवणारे नोकर काळ्या वेषात वावरत आणि प्रेक्षक त्यांना ‘नाहीत’ असे समजत. खरा हेर शेतकऱ्याच्या किंवा फेरीवाल्याच्या वेषातच अधिक सुरक्षित. तेव्हा परक्या घरात भाऊ होऊन राहिलेला हा नायक, तलवार न उपसताच, अस्सल निंजा ठरतो. चित्रपट करणाऱ्यांना हे कितपत ठाऊक होते कोण जाणे.

आपल्या वाचकांना येथे एक हकिगत सांगण्याचा मोह आवरत नाही. 1637 साली जपानात शिमाबारा येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांत ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने होते, आणि अखेरीस ते हारा नावाच्या किल्ल्यात कोंडले गेले. वेढा घालणाऱ्या सैन्याने कोगाचे काही हेर आत पाठवले. रात्री तट चढण्याची विद्या त्यांना येत होती. तरी पंचाईत झाली. आतल्या लोकांची बोली आणि त्यांचे धर्माचे शब्द त्यांना कळेनात, त्यामुळे गर्दीत मिसळून ऐकणे साधेना. 1638 मध्ये किल्ला पडला आणि आतल्यांची कत्तल झाली. त्याआधी चाळीस वर्षे, 5 फेब्रुवारी 1597 रोजी, नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवले त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. ते दुभाषी होते. त्यांना जपान्यांची भाषा त्यांच्याच तोंडच्यासारखी येत असे. एक माणूस परक्यांत त्यांचे शब्द शिकून शिरला, दुसरे तट चढून शिरले आणि शब्दांपाशी अडले. भाच्याच्या खाटेवर बसून चोरून त्याच्या चेहऱ्याकडे पाहताना आम्हांला त्या कोगाच्या हेरांची फार आठवण झाली.

आता दोष. ते पुष्कळ आहेत.

पहिला दोष बडबडीचा. या पात्राचा जन्मच मुळी मौनात झाला आहे. 1982 साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने जी. आय. जो या सैनिकांच्या बाहुल्या नव्याने बाजारात आणल्या. त्यांत एक बाहुली रंगाचा खर्च वाचावा म्हणून न रंगवता नुसत्या काळ्या प्लॅस्टिकची ठेवली. तोच हा स्नेक आइज. फनस्कूलमुळे या बाहुल्या पुढे आपल्याकडच्या दुकानांतही आल्या. ज्यांची मुले त्या काळात लहान होती त्यांना आठवतील. बाहुल्यांबरोबर मार्व्हलने चित्रकथा काढली आणि लॅरी हामा या लेखकाने त्या काळ्या बाहुलीला मुके केले. अपघातात चेहरा गेला, वाचा गेली, म्हणून तो मुखवट्याआड राहतो आणि बोलत नाही. 1984 साली या मालिकेचा एकविसावा अंक असा निघाला की त्यात आरंभापासून शेवटपर्यंत एकही संवाद नाही. रंग वाचवण्याच्या काटकसरीतून एवढे गूढ निर्माण व्हावे, ही गंमतच.

2021 च्या चित्रपटाने त्याला देखणा चेहरा दिला, हेन्री गोल्डिंगचा, आणि भरपूर बोलायला लावले. पाहणाऱ्याला खरा प्रश्न पडतो तो असा, की हा माणूस गप्प का झाला? त्याचे उत्तर मूळकथेने द्यायला हवे. पण चित्रपट संपतो तेव्हाही तो बोलतोच आहे. शेवटी काळा पोशाख आणि शिरस्त्राण तेवढे अंगावर येते. ज्या विहिरीचे पाणी पाहायला आलो तिचे नुसते तोंड दाखवून परत पाठवावे, तसे झाले. आमच्या घरातही एक मुलगा गप्प आहे. तो का गप्प आहे हे आम्हांला माहीत आहे, असे आम्ही समजत होतो.

दुसरा दोष मारामारीचा. निंजांच्या चित्रपटात मारामारीच नीट दिसू नये, हे म्हणजे लग्नात जेवण कमी पडण्यासारखे. हाणामारीची आखणी केंजी तानिगाकी यांची. जपानच्या ‘रुरौनी केन्शिन’ चित्रपटांतल्या त्यांच्या तलवारबाजीचे जाणकार कौतुक करतात. इको उवाइससारखा कसलेला इंडोनेशियन लढवय्या गुरूच्या भूमिकेत आहे. इतकी सामग्री असून कॅमेरा असा हिंदकळतो आणि दृश्ये इतक्या घाईने तुटतात की कोणाचा वार कोणाला लागला हे आवाजावरून ओळखावे लागते. पावसातल्या निऑन दिव्यांखालची एक लढत तेवढी डोळ्यांत राहते. उवाइस यांचा खरा उपयोग केला आहे तो पहिल्या कसोटीत, आणि तेथे मारामारी जवळजवळ नाहीच. दोघांच्या हातांत पाण्याने भरलेले वाडगे. आपले पाणी सांडू न देता गुरूचा वाडगा मिळवायचा. नायक झडप घालतो, आपटतो, भिजतो. अखेर झटापट सोडून तो नम्रपणे वाडग्यांची अदलाबदल करतो. आम्ही आयुष्यात घेतलेल्या कितीतरी परीक्षांपेक्षा ही परीक्षा चांगली.

तिसऱ्या कसोटीत मात्र प्रचंड अजगरवर्गीय साप येतात आणि ते म्हणे माणसाचे अंतःकरण शुद्ध आहे की नाही ते ओळखतात. धानाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला साप नवे नाहीत. नाग, मण्यार, घोणस यांनी आजवर कोणाचे अंतःकरण तपासल्याचे ऐकिवात नाही. अंधारात पाय पडला की ते चावतात, मग पाय सज्जनाचा असो की चोराचा. त्यातून हे साप अॅनाकोंडा जातीचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले. ते जपानी वाड्याच्या तळघरात कसे आले याचा खुलासा नाही. सूर्यमण्याचेही तेच. माणसांच्या मनातला गुंता सोडवायची वेळ आली की हा चित्रपट मण्यातून आग काढतो. हिशेबातही त्याला यश आले नाही. घातलेला पैसा चित्रपटगृहांतून परत आला नाही, असे म्हणतात. त्याचे आम्हांला सुखदुःख नाही.

तिसरा दोष आम्हांला सर्वांत सलतो, आणि तो आमच्या आधी भाच्याच्या लक्षात आला. मणी चोरून नेल्यावर नायकापुढे बापाचा मारेकरी आणून उभा करतात. मारेकरी सांगतो की आपण दुसऱ्याच्या हुकमाने ते काम केले. नायकाच्या हाती शस्त्र आहे, समोर तो माणूस आहे, आणि नायक त्याला न मारता निघून जातो. आपण ज्यांना फसवले त्यांना वाचवायला धावतो. प्रसंग चांगला आहे. पण वीस वर्षांची आग विझायला चित्रपटाने जेमतेम काही मिनिटे दिली आहेत. त्या माणसाला सोडून देताना नायकाला काय सोडावे लागले, ते दिसतच नाही.

भाच्याने येथे चित्र थांबवले आणि प्रथमच बोलला. “मामाजी, त्यानं मारलं काऊन नाही?”

आम्ही मास्तर. उत्तर तयारच होते. सूडाने बाप परत येत नाही, मारणारा आणि सोडणारा यांत सोडणारा मोठा, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. वर्गात मुले ऐकतात तसे. मग चित्रपट पुढे चालू केला आणि शेवट आल्यावर म्हणाला, “टॉमीचंच बरोबर आहे.”

विचार केला तर त्याचे म्हणणे खोटे नाही. शेवटी टॉमी घर वाचवण्यासाठी तो मणी हाती घेतो. मण्याची शक्ती वापरू नये असा घराण्याचा दंडक; तो मोडला म्हणून त्याची आजी, घराण्याची प्रमुख, त्याचा वारसा काढून घेते. ज्याने फसवले त्याला सगळे क्षमा करतात आणि जो फसला तो घराबाहेर पडतो. उधळ्या पुत्राचा दाखला आठवावा. तेथेही थोरला भाऊ रागावून बाहेर उभा राहतो, पण बाप उठून बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. येथे म्हातारी जागची हलत नाही. नायक पुढे टॉमीच्या शोधात निघतो खरा, पण तो दुसऱ्या भागाची जाहिरात असावी तसा निघतो. क्षमा झाली ती कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न चित्रपटाने विचारलाच नाही; आमच्या तयार उत्तरातही तो नव्हता.

आपण काही तरी बरे दाखवावे म्हणून पुढच्या रविवारी आम्ही त्याला वासन बाला यांचा ‘मर्द को दर्द नहीं होता’ दाखवला. 2018 साली टोरांटोच्या महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळवून 2019 मध्ये आपल्याकडे आलेला हा हिंदी चित्रपट मुंबईत घडतो, आणि तीही एक मूळकथाच आहे. नायकाला जन्मतः वेदना कळत नाहीत. असा विकार खरोखर असतो, आणि तो वरदान नव्हे. भाजले तरी कळत नाही, हाड मोडले तरी कळत नाही. त्याची आई साखळीचोरांमुळे मरते. मुलगा मारामारीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पाहून वाढतो आणि साखळीचोरांचा समाचार घेण्याचा पण करतो. आपले महेश मांजरेकर त्याचे आजोबा झाले आहेत. हा आजोबा नातवाला शरीर कसे सांभाळायचे ते शिकवतो, वेदना झाल्यासारखे ओरडायला शिकवतो, आणि हे सारे हसतखेळत. मारामारी येथे स्वच्छ दिसते, कॅमेरा स्थिर असतो, आणि पोरवयाच्या वेडाची थट्टा करता करता चित्रपट त्या वेडाला जवळ घेतो. हाताशी थोडकी सामग्री असूनही, आमच्या मते, मूळकथा म्हणून तो अमेरिकन चित्रपटाहून सरस आहे. त्यातल्या मुलाला मोठे करणारा एक माणूस दिसतो. दुसऱ्यात मुलगा रानात पळतो आणि थेट वीस वर्षांनी घोडा होऊनच बाहेर येतो. मधली वर्षे त्याला कोणी जेवू घातले, कोणी शाळेत घातले, हे विचारायचे नाही. लांबण मात्र येथेही आहे. उत्तरार्धात गोष्ट एका लॉकेटभोवती फार घुटमळते.

भाचा पुष्कळ हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. सौ. स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. संपल्यावर मात्र तो म्हणाला, “याचं बरं आहे. याला दुखतच नाही.” आणि मोबाईल घेऊन पुन्हा ‘स्नेक आइज’ लावला.

आम्ही तिसऱ्यांदा त्याच्याजवळ बसलो. या वेळी हेरगिरी करायची नाही आणि शिकवायचेही नाही, असे ठरवून. मारेकऱ्याचा प्रसंग आला. त्याने चित्र थांबवले. पडद्यावर तो माणूस होता, थकलेला, सामान्य चेहऱ्याचा. बाजारात दिसला तर ओळखू येणार नाही असा. बाहेर बांधीत बेडूक ओरडत होते.

“मामाजी, त्या ट्रॅक्टरवाल्याले माझं नाव माहीत असंन का?”

खटल्याच्या कागदांत मृताचे नाव आहे, पत्नीचे आहे. मुलाचे आहे की नाही, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. तसे त्याला सांगितले.

त्याने थोडा वेळ विचार केला. “कागद तुमच्याजवळ आहेत ना?”

कपाटाच्या वरच्या खणात होते. किल्ली सौ.कडे असते. त्यांना उठवावे लागले.